कोरड्या नदीची साक्ष

माझं स्वतःचं पहिलं पत्रक सुभेदार दाभाड्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फाडलं. चार तुकडे केले, ते शर्टाच्या खिशात घातले आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

पत्रक एका दूरच्या देशातल्या लोकांबद्दल होतं. त्या देशाचा एक प्रांत कित्येक वर्षं वेगळं व्हायला मागत होता, त्यासाठी मारत होता आणि मरत होता. ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांना वेगळं होऊ द्या, आणि होऊ देत नसाल तर त्यांनी बंदूक उचलणं हा त्यांचा हक्क आहे, असं मी लिहिलं होतं. शेवटची ओळ रक्तावर होती. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझ्या बापाने आयुष्यभर पत्रकं लिहिली, छापली आणि चौकात उभं राहून वाटली. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला बसायला पत्रकांचा गठ्ठा मिळायचा. पत्रक फाडणारा माणूस माझ्या लेखी सरळ शत्रू होता. आणि हा शत्रू माझ्याच बरोबर लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, वयाने माझ्या बापापेक्षा मोठा.

दोन दिवस मी धुमसले आणि तिसऱ्या दिवशी जाब विचारला. त्यांनी उलट विचारलं, तू त्या देशात गेलीस का? नाही म्हटलं.

"मी गेलतो. दीड वर्ष व्हतो तिथं," ते म्हणाले. "तुझ्या पत्रकात सगळं हाय पोरी, फक्त माणसं नायत."

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव घेतलं की ऐकणारा आधी बाजू घेतो आणि मग ऐकतच नाही, असं सुभेदारांचं म्हणणं होतं. मी त्यांचं फार थोडं ऐकलं, निदान हे तरी ऐकते.

रंगनाथ दाभाडे करमाडच्या पुढच्या एका गावचे, तिथल्या बौद्ध वस्तीतले. फौजेत शिपाई म्हणून गेले आणि सुभेदार होऊन परतले. नोकरीच्या शेवटी त्यांची तुकडी आंतरराष्ट्रीय शांतिसेनेत गेली होती. निवृत्त झाल्यावर शहरात, मुकुंदवाडीत, दोन खोल्या बांधल्या, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून दुपारपाळी धरली, आणि सकाळी आमच्याबरोबर कायदा शिकायला येऊ लागले. या वयात वकिली करणार का, असं सगळे विचारायचे. "एक कागद वाचायचाय," एवढंच ते सांगायचे.

उंची बेताची, मान जाड, मिशी कातरलेली. नेहमी शेवटच्या बाकावर, पाठ भिंतीला लावून, दार दिसेल असे बसायचे. रस्त्यावर एखाद्या फटफटीचा सायलेन्सर फुटला की आम्ही दचकायचो, ते दचकायचे नाहीत. त्यांचा उजवा तळहात मात्र बाकावर आडवा पसरायचा आणि बराच वेळ तसाच दाबलेला राहायचा. भाकरी उभ्याने खायचे. जगातल्या निरनिराळ्या भांडणांत झालेले तह आणि युद्धविराम ते लायब्ररीतून शोधून काढायचे आणि शब्दकोश शेजारी घेऊन एकेक कलम मराठीत उतरवायचे. अशी त्यांची चार जाड रजिस्टरं भरली होती. अक्षर शाळेतल्या पोरासारखं, गोल आणि दाबून काढलेलं.

आंतरराष्ट्रीय कायदा आम्हाला शेख मॅडम शिकवायच्या. शहागंजात वाढलेल्या, बारीक चणीच्या, आवाज चढवावा न लागणाऱ्या बाई. त्यांनी स्वयंनिर्णयाच्या हक्काचं प्रकरण शिकवलं, तेव्हा मी ताठ होऊन बसले होते. त्या म्हणाल्या की लोकांना स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क आहे आणि राष्ट्राला आपली जमीन अखंड ठेवायचा हक्क आहे. कायदा या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो आणि मग गप्प बसतो. वेगळं होणं गुन्हा नाही आणि सरसकट हक्कही नाही. वसाहतीचे मालक गेले तरी त्यांनी मारलेल्या रेघा राहतात. एखाद्या समाजाला पार तुडवलं, सगळी दारं बंद केली, तरच काही विद्वान म्हणतात की त्याला वेगळं होऊ द्यावं. तेही काहीच. मग उरतात वाटाघाटी, स्वायत्तता, सार्वमत आणि करार.

शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

"मॅडम, करार झाला. त्यो तिथल्या माणसांना त्यांच्या भाषेत वाचून कोणी दाखवला?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. पुस्तकात याचं उत्तर नाही, म्हणाल्या. पुढच्या तासाला दुसरा करार निघाला आणि सुभेदारांचा तोच प्रश्न आला. मग दर वेळी. पोरांनी त्यांचं नाव 'वाचून दाखवा' पाडलं. एकदा कँटीनमध्ये कोणीतरी वडापावचा कागद त्यांच्यापुढे धरून वाचून दाखवा म्हणालं. त्यांनी चष्मा लावला आणि त्या तेलकट कागदावरची जुनी बातमी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचली. मग कागद घडी करून त्या पोराला परत दिला.

त्यांना संत समजू नये. त्यांचा राग मी एकदा फार जवळून पाहिला.

कॉलेजात लुटुपुटीचा खटला ठेवला होता. मी फुटून निघणाऱ्या प्रांताची वकील होते. जीव तोडून बोलले आणि जिंकले. दुसऱ्या दिवशी गेटजवळ वरच्या वर्गातला एक दांडगट मुलगा आडवा आला. आज तिकडचे तुकडे पाडतेस, उद्या इकडचे पाडशील, म्हणाला. माझ्या हातातली पत्रकं हिसकून गटारात टाकली. मी त्याच्या कॉलरला हात घातला तेव्हा त्याने माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की मी गेटच्या लोखंडावर आपटले आणि तोंडात रक्ताची चव आली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. सुभेदार मोटारसायकल लावत होते. त्यांनी हेल्मेट काढलं आणि त्याच हेल्मेटने त्या मुलाच्या तोंडावर मारलं. तो पडला. ते त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसले आणि पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. ओरडणं नाही, शिवी नाही. विहिरीवर कोणी कपडे आपटावेत तसं. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी कोण आहे हे त्यांना कळलेलं नव्हतं.

मग कळलं. हेल्मेट बाजूला ठेवलं. त्या मुलाचे दोन दात सिमेंटवर पडले होते, ते उचलून रुमालात घेतले आणि त्यालाच रिक्षात घालून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. मलाही बसवलं. दवाखान्याच्या बाकावर तो मुलगा सुजलेल्या तोंडाने रडत होता. सुभेदारांनी रुमाल माझ्यापुढे उघडला.

"तू लिहितीस ना, हत्यार उचलायचा हक्क? त्येच्या पुढचं पान हे हाय. हे कोणी छापत नाय."

दुसऱ्या दिवशी ते वर्गात उभे राहिले. आपण एका पोराला त्याच्या अपराधापेक्षा जास्त मारलं, तो पोलीस चौकीत गेला तर आपण गुन्हा कबूल करू, असं सांगितलं आणि खाली बसले. तो गेला नाही. पुढे परीक्षेच्या दिवसांत तो त्यांच्याकडून नोट्स न्यायला यायचा, आणि ते त्याला उभ्याउभ्या भाकरीचा तुकडा द्यायचे.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावी एक मयत अडली. वस्तीतली एक म्हातारी वारली होती आणि बौद्धांच्या स्मशानभूमीकडे जाणारी वाट सर्जेराव नावाच्या शेतकऱ्याने नांगरून टाकली होती. वाट आपल्या गटातून जाते, नकाशात ती नाहीच, असं त्याचं म्हणणं. वस्तीचं म्हणणं, आमचे पणजोबा याच वाटेने गेले. माझ्या बापाला फोन आला आणि आम्ही दोघं पत्रकं लिहायच्या तयारीने गेलो. पोचलो तेव्हा तिरडी ढेकळांत ठेवलेली होती, तिच्यावर माश्या आणि भर दुपारचं ऊन. अलीकडे वस्तीची माणसं, त्यांत सुभेदार, पलीकडे सर्जेरावची भावकी, काठ्या आणि कुऱ्हाडी घेऊन.

कोणी तरी ढेकूळ मारलं. ते तिरडीवर पडलं.

त्यानंतर माणसं एकमेकांत घुसली. काठीचा हाडावर बसणारा आवाज कोरडा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. सुभेदारांचा पुतण्या मिलिंद पुढे होता. कुऱ्हाडीचा घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि पांढरा सदरा पाठीपर्यंत लाल होत गेला. सर्जेरावच्या धाकट्या भावाचं डोकं फुटलं, तो डोळ्यांतलं रक्त पुसत हवेत काठी फिरवत होता, आपला कोण आणि परका कोण हे न दिसता. मी दगड उचलला होता. कोणावर तरी मारलाही.

सुभेदार तिरडीपाशी गेले आणि म्हातारीच्या उशाशी ढेकळांत आडवे झाले. मढं निजावं तसे, डोळे मिटून. एक काठी त्यांच्या मांडीवर बसली, ते हलले नाहीत. मारणारा थबकला. झोपलेल्या माणसाला कसं मारायचं हे कोणाला समजेना. एकेक करून हात खाली आले.

ते झोपल्या झोपल्याच बोलले. "सर्जेराव, आमच्या मिल्याचं रक्त चाललंय, तुझ्या भावाचंबी चाललंय. दोघांला एकाच जीपमधी घाल. मग आपुन बोलू."

दोघं जखमी खरोखर एकाच जीपमध्ये गेले. तलाठ्याला बोलावलं. सुभेदारांनी दोन्हीकडची पाच-पाच माणसं घेतली आणि सगळ्यांना त्या नांगरलेल्या वाटेवरून चालवलं, तिरडीमागे चालावं तसं, हळू. किती पावलं रुंद, कोणत्या बांधापासून कोणत्या बाभळीपर्यंत, पावसाळ्यात चिखल झाला तर कुठून, हे सगळं तिथेच लिहिलं. लिहून झाल्यावर एकेक वाक्य मोठ्याने वाचलं. वाचलं की सर्जेरावला विचारायचे, काय समजलं ते तुझ्या तोंडानं सांग. मग वस्तीतल्या माणसाला. सर्जेराव कंटाळला, म्हणाला, "अहो, अंगठा घ्या अन् मोकळं करा, किती येळा वाचता?" ते म्हणाले तीनदा. आणि खरंच तीनदा वाचलं. म्हातारीला माती मिळाली तेव्हा दिवस कलला होता.

परत येताना करमाडच्या फाट्यावर बसची वाट बघत सुभेदार आणि मी बसलो. त्यांच्या सदऱ्यावर मिलिंदचं रक्त वाळलं होतं. तीनदा कशासाठी, असं मी विचारलं. आणि तिथे, जालना रोडवरून ट्रक जात असताना, त्यांनी मला ती नदी सांगितली.

त्या देशात सरकारी फौज आणि बंडखोर यांच्यामध्ये एक नदी होती, वर्षातले आठ महिने कोरडी. युद्धविराम झाला तेव्हा ठरलं की दोघांनी आपापल्या काठावर मागे सरकायचं आणि पात्र कोणाचंच नाही. सुभेदारांची तुकडी एका टेकाडावर बसून त्या पात्रावर नजर ठेवायची. काठावरच्या गावांतल्या बायका पाण्यासाठी अर्धा दिवस चालत जायच्या. वाटेत बंडखोर त्यांच्याकडून धान्य काढून घ्यायचे, सरकारी शिपाई त्याहून वाईट काही. माझ्या पत्रकातल्या वीरांनी एका शाळामास्तराचे दोन्ही हात मनगटापासून तोडले होते, कारण तो सरकारी पगार घ्यायचा. हे ते सांगून गेले, मी मान खाली घातली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पाण्याची. सुभेदार मराठवाड्याचे. यांच्या गावची नदी दर उन्हाळ्यात आटते, आणि यांची आई वाळूत झिरा खणून वाटीवाटीने घागर भरायची. कोरड्या नदीखाली पाणी असतं हे इथल्या लहान पोराला कळतं. तिथल्या बायकांना ठाऊक नव्हतं. त्या डोंगराकडून उठवून आणून बसवलेल्या होत्या. एका सकाळी सुभेदार फावडं घेऊन पात्रात उतरले, वळणाशी वाळूला हात लावून ओल पाहिली आणि कमरेइतकं खणलं. पाणी आलं. बायका आधी हसल्या, मग ओंजळीने प्याल्या, मग त्यांनी यांच्या डोक्यावर ओतलं. महिनाभरात पात्रात आठ-नऊ झिरे झाले, पाणी खाली जाईल तसे माणूसभर खोल, भोवती उपसलेल्या वाळूचे गोल बांध.

युद्धविरामाच्या करारात एक कलम होतं. पात्रात कोणतंही खोदकाम करायचं नाही, खोदकाम म्हणजे खंदक समजला जाईल. करार परक्या भाषेत होता. सुभेदारांना वरून त्याचा गोषवारा मिळाला होता, त्यात ते कलम नव्हतं. कोणी वाचून दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही, ते म्हणाले. बायकांना तर करार आहे हेच माहीत नव्हतं.

मग एका सकाळी पश्चिमेच्या डोंगरावरून, सरकारी चौकीतून, मशीनगन सुरू झाली. बायका झिऱ्यांत उतरलेल्या होत्या. ओली वाळू, पाय धरेना, वर चढायला गेलं की कड ढासळायची. त्या एकमेकींना वर ढकलत होत्या आणि वर आलेली पुन्हा खाली पडत होती. सुभेदारांनी वायरलेसवर खाली उतरायची परवानगी मागितली. थांबा, असं उत्तर आलं. पुन्हा मागितली. थांबा.

"मी थांबलो," ते म्हणाले. "जल्मभर हुकूम पाळलेला माणूस. थांबलो."

परवानगी आली तोवर डोंगर गप्प झाला होता. त्यांनी स्वतः अकरा मढी बाहेर काढली. एक पोटुशी होती. मढं उचललं की झिरा पुन्हा भरायचा. पाणी येतच होतं, थांबत नव्हतं, आणि ते लाल होतं.

त्यांनी लिहून दिलं की गोळ्या सरकारी चौकीतून आल्या. वर जाता जाता अहवालात त्या चौकीचे 'अज्ञात सशस्त्र इसम' झाले. पुढे सरकार म्हणू लागलं की बंडखोरांनीच पात्रात खंदक खणले आणि बदनामीसाठी आपल्याच बायका मारल्या. माझ्या पत्रकानंतर काही महिन्यांनी शांतता करार झाला, प्रांतात सार्वमत ठरलं. पण नदीकाठचा पट्टा मतदानातून वगळला, कारण कागदावर तिथल्या माणसांनी युद्धविराम मोडला होता. ज्यांच्या बायका मेल्या त्यांनाच विचारायचं नाही की तुम्हाला कोणाबरोबर राहायचंय.

बस आली. आम्ही उभ्यानेच शहरात आलो. मी त्या दिवसाचं पत्रक लिहिलं नाही.

शेवटच्या वर्षाला त्यांना एक पत्र आलं. त्या वगळलेल्या पट्ट्याचा पुन्हा विचार करायला एक चौकशी आयोग नेमला होता, आणि टेकाडावरचा साक्षीदार म्हणून आयोगाला दाभाडे हवे होते. त्यांनी महिनाभर उत्तरच दिलं नाही. त्यांच्या पत्नी रुक्मिणबाई एक दिवस कॉलेजात आल्या, शेख मॅडमना भेटल्या. घरात काही बोलत नाहीत, म्हणाल्या. दारात सीताफळाचं रोप लावायला खड्डा घेतला तर भांडायला उठले, फावडं उचलून नाल्यात टाकलं. तुम्ही तरी विचारा.

आम्ही मुकुंदवाडीला गेलो. मॅडमनी शांतपणे समजावलं की गोळ्या कुठून आल्या हे पाहिलेला, कोणत्याच बाजूचा नसलेला दुसरा कोणी साक्षीला यायला तयार नाही. त्या गावांना मत मिळणं तुमच्यावर आहे. सुभेदार तयार झाले. त्यांचं निवेदन लिहायचं काम मी मागून घेतलं.

रात्रंदिवस तेच केलं. मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पत्रक होतं. बायका पाणी भरायला आल्या, डोंगरावरून गोळ्या आल्या, अकरा मेल्या. झिऱ्यांचा उल्लेख मी ठेवला नव्हता. सरकारचा वकील त्यालाच खंदक म्हणणार, हे उघड होतं. विचारलं नाही ते साक्षीदाराने सांगू नये, असं मॅडमचंही मत पडलं. सुभेदारांनी सगळं वाचलं.

"पाणी कुठून भरलं म्हणतीस?"

नदीतून, मी म्हटलं.

"नदी तर कोरडी व्हती."

मी चिडले. म्हटलं, काका, खड्डे तुम्ही खणायला लावले हे कळलं तर खटला तिथेच बुडेल. तुम्हाला खरं बोलल्याचं समाधान मिळेल, आणि ती गावं पुन्हा मुकी होतील. तुम्हाला स्वतःचं मन हलकं करायचंय की त्यांना मत मिळवून द्यायचंय? हे बोलायला नको होतं, पण बोलले. त्यांचा तळहात मांडीवर आडवा पसरला. निवेदन घडी करून त्यांनी ठेवून घेतलं. फाडलं नाही, एवढ्यावरच मी खूश झाले.

साक्ष शेख मॅडमच्या केबिनमध्ये संगणकावर झाली. दुपारचे साडेतीन. सुभेदार कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, पाठीमागे भिंत. त्यांचं मराठी मॅडम इंग्रजीत सांगणार आणि तिकडचा दुभाषी ते तिथल्या भाषेत, असं ठरलं होतं. मॅडमनी तशी शपथ घेतली. मी कोपऱ्यात स्टुलावर. पडद्यावर टेबलाशी आयोगाचे तीन सदस्य, दोन्ही बाजूंचे वकील, आणि मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नदीकाठची माणसं.

आयोगाने विचारलं, पात्रात काय होतं?

"झिरे व्हते. म्हंजे पाण्यासाठी खणलेले खड्डे. मी खणायला लावले. पहिला मी सोता खणला."

सरकारचा वकील उठला, त्याला हसू आवरत नव्हतं. खोदकामाला बंदी होती ना? होती. तुम्ही ती मोडलीत? मोडली. लांबून पाहणाऱ्या सैनिकाला वाळूचे ते गोल बांध खंदकांसारखे दिसले असतील की नाही?

सुभेदारांनी पाणी मागितलं, प्याले नाहीत. ग्लास तसाच ठेवला.

ते म्हणाले की लांबून दिसले असते. पण चौकीला ते खंदक वाटलेच नव्हते. गोळीबाराच्या दोन दिवस आधी मी त्या डोंगरावर गेलो होतो. तिथल्या कप्तानाने चहाला बोलावलं होतं, शांतिसेनेच्या माणसांना बोलवायची पद्धत होती. हे खड्डे कसले, त्याने विचारलं. मी सांगितलं. झिऱ्याच्या पाण्याची बाटली माझ्याजवळ होती, ती त्याला दिली. तो प्याला, गोड आहे म्हणाला.

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. वकिलाचं हसू गेलं. तो खाली बसता बसता थांबला. माझ्या तेव्हा लक्षात आलं की मी झिरे कापून काढले होते, त्यांच्याबरोबर, मला ठाऊकही नसताना, हेही कापलं गेलं होतं. माझ्या निवेदनात कप्तानाला काहीच माहीत नव्हतं. मी स्टुलावरून जवळजवळ उठले. जिंकलो, असंच मला वाटलं.

पण सुभेदारांचं संपलं नव्हतं. हे त्यांनी मला करमाडच्या फाट्यावर सांगितलं नव्हतं. रुक्मिणबाईंना तीस वर्षांच्या संसारात सांगितलं नव्हतं.

"मग त्येनं इचारलं, बायका कधी येतात. मी सांगितलं. सकाळी, ऊन चढायच्या आत. लई आनंदानं सांगितलं. म्हटलं, आता त्येंला लांब जावं लागत नाय."

शेख मॅडम थांबल्या. मग त्यांनी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला.

आयोगाचा अहवाल आला तेव्हा सुभेदार नव्हते. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात कारखान्याच्या गेटवर छातीत कळ येऊन ते गेले. चौकीने जाणूनबुजून बायकांवर गोळ्या झाडल्या, असं अहवालात लिहिलं आहे. त्या पट्ट्याला मत द्यावं, असंही आहे. आणि एका परिच्छेदात असंही आहे की शांतिसेनेच्या एका सुभेदाराने कराराचा भंग केला आणि वेळेची माहिती एका बाजूला दिली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुभेदारांवर लिहायला बसले की माझ्यातली पत्रकवाली तिसरी गोष्ट गाळायला बघते. मी गाळत नाही.

साक्षीच्या त्या दुपारी मॅडमचं वाक्य संपल्यावर तिकडच्या दुभाष्याने ते तिथल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. मागच्या खुर्च्यांवरची माणसं ऐकत होती. वाक्य पुढे सरकलं तसे चेहरे बदलत गेले. एक म्हातारा पुढे वाकला आणि त्याने डोकं गुडघ्यांवर टेकलं. एक तरुण उठला, काही तरी ओरडला आणि त्याने खुर्ची उचलून कॅमेऱ्याच्या दिशेने फेकली. पडदा हादरला, तिरका झाला. कोणी तरी त्याला धरलं. अध्यक्षांनी घाईने सांगितलं की साक्ष पूर्ण झाली, साक्षीदाराला जायला हरकत नाही. मॅडमचा हात बटणाकडे गेला.

सुभेदारांनी तो हाताने अडवला.

"चालू राहू द्या मॅडम. त्या लोकांला मला बघू द्या."

आणि ते तसेच बसून राहिले. तिरक्या पडद्यावर त्या माणसांनी एकेक करून मान वर केली आणि ती सुभेदारांकडे पाहायला लागली. त्यांनीही नजर काढली नाही. शेवटची बाई उठून त्या खोलीतून जाईपर्यंत मॅडमनी बटणाला हात लावला नाही.